गवंड्याचा उद्या

नदीकाठच्या एका गावात अमोस नावाचा एक गवंडी राहत होता. हात मोठा कसबी. ओळंबा न धरता भिंत सरळ उचलायचा. त्याचा धाकटा भाऊ सीलास त्याच्या हाताखाली चुना करायचा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, मग बैलाच्या घाण्यात दळायची, असं ते काम. चुन्याला घाई चालत नाही, हे दोघांनाही बापानं शिकवलं होतं.

गावातल्या ख्रिस्ती मंडळीनं देवळाची भिंत बांधायला काढली. नाताळाच्या आत पुरी करतो, असं अमोस चारचौघांत बोलून बसला. मग त्याला घाई झाली.

सीलास म्हणाला, "दादा, चुना मुरला नाही अजून. खडे तसेच हाताला लागतात. थोडं थांब."

"तू घाण्यामागं चाल. भिंतीचं मी बघतो."

भिंत उभी राहिली. लोकांनी वाहवा केली. पण पुढं पावसाळ्यात ओल झिरपली, कच्चे खडे भिंतीच्या पोटात फुगले आणि एका सकाळी भिंत खाली बसली. आत कोणी नव्हतं, हीच देवाची दया.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "चुना कोणी केला होता?"

खरं अमोसच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण तो म्हणाला, "चुना सीलास करतो."

शब्दाला शब्द खराच होता, बरं का. म्हणून तर कोणाला शंका आली नाही. सीलासनं भावाकडं पाहिलं. थोरल्याच्या पुढं तोंड उघडायचं नाही, अशी त्या घराची रीत. त्यानं मान खाली घातली. तेव्हापासून गावात त्याला कोणी चुना करायला बोलावलं नाही. बिचारा रस्त्याच्या कडेला खडी फोडू लागला.

आता त्या देवळात एक चाल होती. प्रभुभोजनाची भाकर फिरण्याआधी पाळकसाहेब थांबायचे आणि म्हणायचे, "कोणाचं कोणाशी काही असेल, तर आधी मिटवा." मग काही वेळ सगळे गप्प बसायचे. पहिल्या खेपेला अमोसचे कान तापले. तो अर्धा उठलाही. लोकांनी माना वळवल्या. त्यानं बूड टेकलं.

घरी आल्यावर बायको मार्था म्हणाली, "उठला होता तुम्ही."

"पायाला मुंग्या आल्या होत्या."

"मनाला आल्या होत्या म्हणा."

"पुढल्या वेळी सांगतो."

पुढल्या वेळी तो अर्धाही उठला नाही.

मग त्याला तापानं धरलं. आज जातो की उद्या, अशी गत झाली. अमोस भिंतीकडं तोंड करून रडला. "देवा, यातून उठव. उठल्याबरोबर सगळ्यांपुढं खरं सांगतो." सीलास खडी टाकून आला होता. भावाच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत तो उशाशी बसून राहिला. अमोसनं नुसता त्याचा हात धरून सांगायचं होतं. पण तेवढ्यात ताप उतरला. अमोसला भूक लागली. आधी पेज गोड लागली, मग भाकरी.

मार्था म्हणाली, "आता सांगायचं ना?"

"अंगात ताकद तर येऊ दे."

ताकद आली. मग म्हणाला, "ऐन कामाच्या दिवसांत लोकांच्या तोंडी कशाला यायचं?"

एका रविवारी पाळकसाहेबांनी मिसर देशाच्या राजाची गोष्ट सांगितली. तो देवाचं ऐकेना, म्हणून देवानं त्याच्या राज्यात बेडूकच बेडूक केले. अंथरुणात बेडूक, पिठाच्या परातीत बेडूक. राजा काकुळतीला आला. देवाचा सेवक मोशे, त्यानं विचारलं, बेडूक कधी घालवू? राजा म्हणाला, उद्या.

अमोस घरी येऊन पोट धरून हसला. "काय खुळा राजा! बेडकांत आणखी एक रात्र झोपला, पण आज म्हणाला नाही."

मार्था हसली नाही. "आणि तुम्ही कधी सांगणार?"

"उद्या," अमोस म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. हसू विरलं. दारातून समोर सीलास रविवारीसुद्धा खडी फोडताना दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. अमोस दारात उभा राहिला. मग आत जाऊन त्यानं पाय धुतले आणि जेवायला बसला.

दगडाची धूळ सीलासच्या छातीत बसली. त्यानं अंथरूण धरलं. त्याची बायको दीना धावत आली. अमोस तेव्हा एका घराला चुन्याचा गिलावा करत होता.

"भाऊजी, चला. त्यांचं काही खरं नाही. म्हणतात, दादानं लोकांत नको सांगायला. माझ्या एकट्याच्या कानात सांगितलं तरी पुरे."

अमोसनं भिंतीकडं पाहिलं. अर्धी ओली होती. "गिलावा असा सोडला तर सांधा दिसतो, दीना. एवढी भिंत घोटून येतो. तू हो पुढं."

 दीनानं ती ओली भिंत पाहिली, त्याला पाहिलं आणि परत गेली.

भिंत आरशासारखी झाली. सांधा कुठं दिसला नाही. अमोस हात धुऊन भावाच्या दारी पोचला, तेव्हा आत रडणं सुरू झालं होतं.

भावाच्या मातीच्या वेळी रडू येईल असं त्याला वाटलं. त्यानं डोळे चोळले. काही आलं नाही.

अमोस पुष्कळ जगला. पुन्हा एकदा देवळात तीच राजाची गोष्ट निघाली. मग पाळकसाहेब नेहमीसारखे थांबले, सगळे गप्प झाले. अमोस मान वर करून वेदीमागच्या भिंतीला कुठं तडा गेलाय का, ते बघत बसला होता.

वाटेत मार्थानं विचारलं, "अहो, तुम्हाला काही वाटतं का आता?"

"कशाचं?" अमोस म्हणाला.

तो उडवून लावत नव्हता. त्याला खरंच आठवेना.

तात्पर्य: मन ओलं असतं तेव्हाच चूक कबूल करावी. दर वेळी उद्यावर टाकलं, तर देव थांबतो, पण मन थांबत नाही. ते दगड होतं आणि मग पश्चात्ताप करावा असंसुद्धा वाटेनासं होतं.