बुजवलेल्या विहिरी

एका राज्यात रणधवल नावाचा सेनापती होता. तलवारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि डोक्यात काही कमी आहे हे त्याला सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

उत्तरेच्या काळ्या डोंगरावर विखार नावाच्या मायाव्याने बंडखोर जमवले, खालची गावे जाळली आणि जाता जाता रणधवलाच्या लेकीची, केतकीची, पावले दगडाची केली. राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "डोंगरावर शत्रू उरणार नाही, त्या दिवशी ती चालेल."

"मग सोपं आहे," सेनापती म्हणाला.

पहिल्या स्वारीत त्याने शंभर बंडखोर कापले आणि रिवाजाप्रमाणे डोंगरगावाची विहीर दगडांनी बुजवली. शत्रूला पाणी मिळू नये म्हणून. वर्षभर राज्य सुखाने झोपले. मग दोनशे उतरले, आणि केतकी कमरेपर्यंत दगड झाली. दुसऱ्या स्वारीत दोनशे मेले, शेजारच्या गावाची विहीर बुजली. सहा महिने गेले. मग चारशे आले. केतकी आता गळ्यापर्यंत दगड झाली.

तिसऱ्या स्वारीत त्याच्या घावाने एका बंडखोराचे शिरस्त्राण उडाले. खाली पिकल्या केसांची बाई होती.

"थांबलात का?" ती म्हणाली. "पहिल्या खेपेला माझ्याच हातचं पाणी प्यायलात. तांब्या खाली ठेवलात आणि विहीर बुजवलीत. मग विखाराच्या कढईशिवाय पाणी होतं कुठं? ते जो पितो, तो त्याचा होतो."

रणधवलाला तांब्या आठवला. पाणी गोड होते, तेही आठवले. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तलवार खाली ठेवून तो बुजवलेल्या विहिरीत दगड उपसायला उतरला. शिपाई आधी हसले, मग तेही उतरले. तिसऱ्या दिवशी दोन्ही विहिरींना पाणी लागले. जो तो बंडखोर ते पाणी प्यायला, शुद्धीवर आला आणि घरी गेला. विखार एकटा उरला. त्याला चार शिपायांनी दोरीने बांधून डोंगराखाली नेले.

"बाई, मला क्षमा करा," रणधवल म्हणाला.

"दुसऱ्या स्वारीतल्या दोनशेंत माझा लेक होता," ती म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढे तांब्या ठेवला.

घरी केतकी दारापर्यंत चालत आली. विजयाचा नगारा वाजवायला नगारची टिपरू उचलून उभा होता.

"बाबा, जिंकलात?"

"नाही, बाळ. मीच बुजवलेल्या विहिरी उपसून आलो."

नगारा वाजला नाही. विहीर बुजवण्याचा रिवाज राजाने मोडला, डोंगर शांत झाला, लेकीबाळी निर्धास्त झाल्या. रणधवल मात्र त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी मान वर करून प्यायला नाही.