थोरली मेणबत्ती कुठे कलली?

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका चर्चमध्ये ईस्टरला आधी थोरली मेणबत्ती पेटायची आणि मग ती वाकून बाकीच्या सगळ्यांना ज्योत द्यायची. एका वर्षी ज्योत देऊन झाल्यावर थोरली म्हणाली, "आता एकमेकींना सांभाळा," आणि विझली.

"ज्योत देताना ती डावीकडे कलली होती," बुटकी मेणबत्ती म्हणाली.

"उजवीकडे," शेजारची लांबुडकी म्हणाली.

वाद वाढला. डाव्या एका कोनाड्यात गेल्या, उजव्या दुसऱ्यात. मग नेमकी किती कलली यावरून डाव्यांचेही दोन कोनाडे झाले. थोरली काय म्हणाली होती, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे तो विषय कोणी काढला नाही.

तेवढ्यात खिडकीतून खारा वारा आला. बुटकी तिच्या अख्ख्या कोनाड्यासकट विझली.

"जरा ज्योत दे गं," तिने लांबुडकीला हाक मारली.

"देते की. आधी उजवीकडे म्हण."

बुटकी विझलेलीच राहिली. वारा वाहत राहिला. एकेक कोनाडा काळोखा झाला आणि शेवटी एकटी लांबुडकी पेटती उरली.

"म्हणजे उजवीकडेच," ती म्हणाली. कोणी हरकत घेतली नाही.

पुन्हा झुळूक आली. लांबुडकी कलली आणि विझली. कुठल्या बाजूला कलली, ते पाहायला उजेड नव्हता.