ओढ्याच्या खविसाचे पाच भाग

कोल्हापूरच्या थोडं अलीकडे, उसाच्या पट्ट्यात एक गाव आहे आणि त्या गावात एक भोळा केरबा आहे. होता म्हणवत नाही, कारण माणूस अजून धडधाकट आहे आणि अजून तसाच आहे. उंचीला सहा फूट, अंगानं उसाच्या कांड्यासारखा, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसं करणारा. सांगितलं तसं म्हणजे अगदी तसंच.

केरबा रंगूनानांकडे लाईट धरायचा. रंगूनाना गावातले फोटोग्राफर. आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांची शूटिंग तेच करायचे. एका लग्नात नाना केरबाला म्हणाले, नवरदेवाचे मामा मानाचे आहेत, त्यांच्यावरचा लाईट हलता कामा नये, कळलं? केरबा म्हणाला, कळलं की, नाना. जेवणं झाली. मामा हातात तांब्या घेऊन घाईघाईनं उसाच्या बांधाकडे निघाले आणि त्यांच्यामागं डोक्यावर बॅटरीचा लाईट घेऊन केरबा. मामा डावीकडं वळले, लाईट डावीकडं वळला. मामा बसले, लाईट बसला. लग्न टिकलं, पण मामा अजून त्या बहिणीच्या दारी पाऊल टाकत नाहीत.

तरी नानांनी केरबाला काढलं नाही. पाच तास लाईट डोक्यावर धरून हात न दुखणारा दुसरा माणूस त्या भागात नव्हता.

आणि नानांचं दुखणं वेगळंच होतं. वीस वर्षं त्यांनी लग्नं काढली, पण त्यांची एक सीडी कुणी शेवटपर्यंत बघितली नाही. लोक पुढं पुढं पळवायचे, स्वतःचं तोंड आलं की थांबवायचे, माझं लुगडं बरं दिसतंय की म्हणायचे आणि बंद करायचे. नवरा-नवरीसुद्धा कधी वरातीपर्यंत पोचले नाहीत. आपण काढलेलं काहीतरी लोकांनी मांडी घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावं, एवढीच नानांची इच्छा होती. त्यांनी भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं. गावच्या जत्रेत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मोकळी असायची. कमिटीचे अध्यक्ष ज्योतीरामआबा म्हणाले, दाखवा. लोक बसले तर ती संध्याकाळ दरसाल तुमची. उठले तर तालुक्याचा ऑर्केस्ट्रा आणतो.

सिनेमाचं नाव ठरलं 'ओढ्याचा खवीस'. खवीस केरबा. नव्या नवरीचं काम अंगणवाडीच्या मदतनीस मालनबाईंनी केलं, वय वर्षं बेचाळीस, कारण दुसरी कुणी तयार झाली नाही.

नानांनी केरबाच्या तोंडाला चुना फासला, अंगावर घोंगडं टाकलं आणि ओढ्याकाठच्या चिंचेमागं उभं केलं. म्हणाले, मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही. कळलं?

"कळलं की, नाना."

मग कॅमेऱ्याच्या मागं नानांच्या धोतरात डोंगळे चढले. दोन दिवस शूटिंग चाललं आणि दोन्ही दिवस डोंगळे होते. त्या गडबडीत नाना 'ये' म्हणायचंच विसरले. मालनबाई पाणी भरून गेल्या, परत आल्या, घसरून पडल्या, रडल्या. केरबा झाडामागंच. त्याचं एक कोपर तेवढं दिसत राहिलं, आणि घोंगडं टोचायचं म्हणून तो मधूनमधून अंग खाजवायचा, तेव्हा घोंगड्याचं टोक हलायचं.

सिनेमा जुळवताना नानांच्या लक्षात आलं की यात खवीसच नाही. पण जत्रा दुसऱ्या दिवसावर आलेली. घामाघूम होऊन त्यांनी आहे तसा लावला.

लोकांनी चाळीस मिनिटं श्वास घेतला नाही. आता येतंय, मग येतंय, म्हणून सगळं गाव त्या कोपराकडं बघत राहिलं. भेळवाल्यानं गाडा बंद केला आणि तोही बसला. पुढं महिनाभर बायका ओढ्यावर चौघीचौघींनी जायच्या, आणि धट्टेकट्टे गडी म्हशींना मधे घालून चालायचे. शेवटपर्यंत एक माणूस उठला नाही. नाना घरी जाऊन देवापुढं बसले आणि पोटभर रडले.

आता शहाण्यानं इथं ताटावरनं उठून हात धुवावे. पण जो भेटेल तो नानांना म्हणायला लागला, लई भारी झालं वो, खवीस तेवढा नीट दिसला न्हाई. चांगला पिवळाधमक गूळ नेणारं गिऱ्हाईक जाता जाता म्हणतं, अजून जरा पिवळा असता तर. तेवढ्यावर गुऱ्हाळवाला रंगाची पुडी आणायला धावतो. नाना तसे धावले.

दुसऱ्या भागाला त्यांनी केरबाला समोर बसवून सांगितलं, मागच्या खेपेला तू दिसलाच नाहीस. यंदा लोकांना दिसला पाहिजेस. कळलं?

केरबाला कळलं. तो ओढ्यावर दिसला. तो विहिरीवर दिसला. मालनबाई भाकरी थापत होत्या तर परातीशेजारी दिसला. बारशाच्या प्रसंगात पहिल्या ओळीत, पोराला मांडीवर घेऊन. नानांनी हाकललं की म्हणायचा, तुम्हीच म्हणाला न्हवं, दिसला पाहिजेस? आणि नाना पुढचा प्रसंग लावायला घ्यायचे, कारण ते म्हणाले होते. त्यात लग्नातली सवय. कॅमेरा आपल्याकडं वळला की केरबा हात जोडून नमस्कार करायचा.

दहा मिनिटांत लोकांना खविसाच्या बनियनची ठिगळं पाठ झाली. पोरं पडद्याकडं बघून हात हलवायला लागली. काही माणसं मधेच उठून भेळ घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सगुणाआजीनं केरबाला हाक मारून दारात बसवलं आणि पुढ्यात दोन धपाटी ठेवली. म्हणाली, "खा रं खविसा. लई वाळलाईस."

आबा एवढंच म्हणाले, बघा बुवा नाना. ऑर्केस्ट्रावाल्यांचा फोन येतोय.

तिसऱ्या वर्षी नाना आधीच तापले होते. न सांगता मधे मधे यायचं बंद कर, म्हणाले. कळलं? केरबा म्हणाला, कळलं की. आणि तो न सांगता यायचा बंद झाला.

मालनबाई दिव्याची वात सारतायत. वारं सुटलंय. दाराची कडी हलते. पडद्यावर जरा भीती दाटायला लागली आणि बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. बायका असलेल्या घरात शिरताना भला माणूस खाकरतो तसा. मग खवीस म्हणाला, "येऊ का?"

शूटिंगच्या वेळी नाना म्हणाले होते, राहू दे, आवाज मागनं काढू. पण आवाज काढायचा म्हणजे वर सनई घालायची, एवढंच त्यांना येत होतं. सनई वाजत राहिली आणि सनईच्या वर खाकरणं ऐकू येत राहिलं. दुसऱ्यांदा खवीस खाकरला तेव्हा मैदानातून कुणीतरी म्हणालं, या, बसा. तिसऱ्यांदा बायकांच्या बाजूनं आवाज आला, चहा टाका गं पाव्हण्याला. मग हसणं आवरेना. निम्मं मैदान शेवटाआधीच घरी गेलं, आणि जाताना जो तो दुसऱ्याच्या दारात खाकरत गेला.

नानांचा चेहरा बघून आबांनाच कसंतरी झालं. अजून एक वर्ष देतो म्हणाले.

चौथ्या भागाची गोष्ट मात्र जरा वेगळी झाली. नानांनी केरबाला दोन्ही खांद्यांना धरलं आणि सांगितलं, खवीस कुणाची परवानगी घेत नसतो. मागच्या दारानं सरळ आत घुसायचं, हात वर करायचे आणि ओरडायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही. कळलं?

"कळलं की, नाना."

शूटिंग मालनबाईंच्या घरी. भर दुपारी खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केलेला. नाना आत कॅमेरा लावून बसले. मालनबाई बाजेवर. केरबा चुना फासून, घोंगडं घेऊन मागच्या बोळात गेला. बोळात मागची दारं दोन. एक मालनबाईंचं, दुसरं ज्योतीरामआबांचं. कुठलं, ते नाना बोलले नव्हते आणि विचारायचं नाही, हे मात्र बोलले होते. केरबा उघडं होतं त्या दारात शिरला.

आत आबांच्या मंडळी आणि दोन भावजया शेवया वळत बसल्या होत्या. केरबानं हात वर केले आणि ओरडला. थोरली भावजय शेवयांच्या खाटेखाली गेली. धाकटीनं हातातला पाट फेकला, तो चुकून आबांच्या फोटोला लागला. खुद्द आबा दाढी करत होते, ते अर्ध्या फेसानिशी कणगीवर चढले आणि तिथून मारुतीचं नाव घ्यायला लागले. पाच भागांत मिळून पोटातून निघालेली किंकाळी तेवढीच. तिथं कॅमेरा नव्हता.

कॅमेऱ्यात काय आलं? मालनबाई बाजेवर सहा मिनिटं बसल्यात. येईना म्हणून त्यांनी लसूण सोलायला घेतला. मग भिंतीकडं बघून म्हणाल्या, शेजारी काय झालंय हो? नानांकडं दुसरं काही नव्हतं, त्यांनी तेच लावलं. लसूण सोलून व्हायच्या आत मैदान रिकामं झालं.

आबांच्या गालावर वस्तऱ्याची खूण अजून होती. ते आवाज न चढवता बोलले. "नाना, हे शेवटचं. पुढच्या जत्रेला शेवट बघायच्या आत एक माणूस जरी उठला, तर संध्याकाळ ऑर्केस्ट्राची. कायमची."

नानांनी त्या वर्षी लग्नं कमी घेतली. एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली, की केरबाला काहीही सांगायचं नाही. तो ओढ्यावर पाय धूत होता तेव्हा त्यांनी गुपचूप कॅमेरा लावला. तो बांधावरून चालला होता तेव्हा पाठमोरा घेतला. नुसता बसला होता तेव्हा पाण्यातली त्याची सावली घेतली. सांगितलं नाही तर केरबा काहीच चुकीचं करत नव्हता. मालनबाईंनाही चार वर्षांत घाबरायचं कसं ते जमलं होतं. दोन महिने नाना स्टुडिओचं दार लावून जुळवत बसले, आणि जे तयार झालं ते बघून त्यांच्याच अंगावर काटा आला. त्यांनी उठून मागं कुणी नाही ना ते बघितलं. पहिल्या भागापेक्षाही हा सरस होता, आणि या वेळी डोंगळ्यांची मदत नव्हती.

लग्नाचे हळद, मुहूर्त, पंगत, वरात असे चार तुकडे करायचे, तसेच त्यांनी सिनेमाचे चार तुकडे केले आणि संध्याकाळी मैदानात सिनेमा दाखवायचं मशीन मांडलं. सगळं गाव आलं होतं. बरेच जण हसायला आले होते. एवढ्यात आबांनी हाक मारली, नाना, आज तुम्ही माझ्या शेजारी खुर्चीवर बसायचं, माणसं उठतात की नाही ते दोघं मिळून बघू. नाही म्हणायची सोय नव्हती. मशीन केरबाच्या हातात गेलं.

नानांनी त्याला दाखवलं, हा पहिला तुकडा, हा दुसरा, हा तिसरा, आणि शेवट या चौथ्यात आहे. खुर्चीकडं निघाले. चार पावलं गेले आणि त्यांचा जीव राहिना. वर्षभर आवरलेली जीभ तेवढी एकदा सुटली. परत येऊन केरबाच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "केरबा, बाकी काय न्हाई. शेवट बघितल्याशिवाय आज एक माणूस जाता कामा नये. कळलं?"

"कळलं की, नाना."

नाना आबांच्या शेजारी बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

पडदा उजळला. ओढा आला. मालनबाई चिंचेखाली पणती ठेवून वळल्या. पाण्यात एक सावली हलली, थांबली आणि विरघळून गेली. पणती विझली. मैदान चिडीचूप. एक पोर आईच्या पदरात शिरलं. मग पांढरी, ठसठशीत अक्षरं आली: समाप्त.

नानांना आधी वाटलं, आपले डोळे फिरले. लोकांनी थोडा वेळ अक्षरांकडं बघितलं. समाप्त म्हटल्यावर गाव काय करतं? उठलं. पोरं काखेत मारली, सतरंज्या झटकल्या, चपला शोधल्या आणि बोलत बोलत बाजारातल्या पाळण्यांकडं गेलं.

"आबा," नाना कसेबसे म्हणाले, "अहो, अजून..."

"बसा," आबा म्हणाले. त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला होता. "मानलं तुम्हाला. एक माणूस मधनं उठला न्हाई. पाची भागांत हाच उत्तम. काय लांबण न्हाई, खाकरणं न्हाई, लसूण न्हाई. संध्याकाळ तुमची. ऑर्केस्ट्राला मी उद्याच नको म्हणून कळवतो. फक्त नाना, इथनं पुढं एवढाच ठेवा. वाढवू नका."

आबाही गेले. मैदानात भेळेचे कागद आणि नाना उरले. मशीनजवळून केरबा लांब ढांगा टाकत आला. तोंडभर हसत होता.

"बघा नाना," तो म्हणाला. "शेवट बघितल्याबिगर एक माणूस गेला न्हाई. दरवर्षी मधनंच पळत्यात, म्हणून शेवट आधी लावला."

नानांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"आता सुरुवात लावू?"