कल्हईवाल्याची जुनी बोली

फार पूर्वी, जत्रेला लोक बैलगाड्या जुंपून येत त्या काळी, एका गावच्या जत्रेत एक म्हातारा कल्हईवाला भाता घेऊन बसत असे. तरुणपणी तो ठकांच्या टोळीत होता, हे गावाला ठाऊक नव्हते.

ठकांची स्वतःची बोली होती. भोळ्या माणसाला ते ‘मऊ भात’ म्हणत आणि शिपायाला ‘ऊन’. ही बोली जाणणारा भेटला की त्याला आपल्या पंगतीत पान मांडायचे, आणि ठकांचा डाव फोडणाऱ्याशी जन्मात त्या बोलीत बोलायचे नाही, असा त्यांचा नियम होता. कल्हईवाल्याचे सोबती एकेक करून निवर्तले. वीस वर्षे ती बोली त्याच्या कानी पडली नव्हती. वाईट धंदा सुटल्याचे त्याला समाधान होते. पण तीन दगडांच्या चुलीभोवती रंगलेली ती थट्टामस्करी त्याला विसरता येत नसे.

त्या वर्षी त्याच्या शेजारीच दोन तरुणांनी तीन वाट्या आणि एक मणी यांचा डाव मांडला. एका कुंभारणीला त्यांनी दोनदा जिंकू दिले. तिसऱ्या डावाला तिने आपले गाढव लावले. चाकावरची माती त्याच्याच पाठीवरून येई. ते गेले असते तर चाक थांबले असते.

इथे आपली बोली कोणाला कळणार, अशा भरवशाने एक तरुण मोठ्याने म्हणाला, “भात मऊ आहे, ऊन नाही. वाढून घे.”

कल्हईवाल्याचा हात भात्यावरच थांबला. त्याचे डोळे भरून आले. त्याने त्याच बोलीत एक शब्द उच्चारला असता, तर त्यांच्या पंगतीत त्याचे पान मांडले गेले असते.

तो उठला आणि सर्वांना कळेल असे म्हणाला, “बाई, गाढव सोडून घ्या. मणी वाटीखाली नाही, याच्या बोटांच्या बेचक्यात आहे.”

कुंभारणीने वाट्या उलथल्या. तिन्ही रिकाम्या होत्या.

“तुम्हाला हो कसं कळलं, काका?”

“मीही हेच करीत असे.”

तरुणांनी पथारी गुंडाळली. जाता जाता एकाने त्याच्याकडे वळून पाहिले आणि साध्या मराठीत म्हटले, “येतो, म्हातारबा.” ते ऐकून म्हाताऱ्याने मान खाली घातली.

त्याची कबुली ऐकून काही जणांनी कल्हईला दिलेली आपली भांडी परत नेली. कुंभारीण मात्र हलली नाही.

“माझं पातेलं राहू द्या,” ती म्हणाली. “कल्हई तेवढी पातळ लावू नका. तुमची ख्याती आता कळली आहे.”

तात्पर्य: ज्या जिव्हाळ्यासाठी दुसऱ्याचे नुकसान मुकाट्याने पाहावे लागते, तो कितीही प्रिय असला तरी सोडावा, आणि सोडताना दुःख झाले, तर त्याची लाज बाळगू नये.