धाकटीच्या वाट्याची खळ

फार पूर्वी, घाटाखालच्या एका विणकरांच्या गावात दोन जावा एकाच छपराखाली नांदत होत्या. एक थोरली, एक धाकटी. घरात दोन माग होते. एकावर थोरली बसायची आणि दुसऱ्यावर सासू. पुढे सासूची नजर अधू झाली, तिचा माग धाकटीकडे आला, आणि तिथूनच थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

धाकटीचा गुन्हा एवढाच, की तिच्या हाताला गुण होता. तिचं कापड मऊ उतरायचं, सरळ उतरायचं, आणि वर ती विणताना गुणगुणायची! गावातल्या बाया कापडावर हात फिरवून म्हणायच्या, "अगं बाई, हे कापड आहे की साय?" थोरली तिथेच उभी असायची. ती हसायचीसुद्धा. घरी आल्यावर मात्र भांडी अशी आपटायची, की शेजारचं तान्हं बाळ दचकून उठायचं.

गावाजवळच्या डोंगरात लेणी होती. पावसाळ्याचे महिने भिक्खू आपली फिरती थांबवून तिथे मुक्काम करत, आणि दर पौर्णिमेला म्हातारे भंते गावाला उपदेश करत. थोरली सगळ्यांच्या पुढे बसायची. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, मनात जोपासायच्या या चारही भावना तिला तोंडपाठ. मुदिता म्हणजे दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून आपल्याला आनंद होणं, हे ती पाणवठ्यावर बाकीच्या बायांना समजावून सांगायची. आणि खरं सांगायचं तर फार छान समजावायची.

पावसाळा सरला की चीवरदानाचा दिवस यायचा. त्या दिवशी गावाने भिक्खूंना एक चीवर, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, द्यायचं. पण त्याची अट मोठी अवघड. सूत आधी कातलेलं चाले. विणणं, कापणं, शिवणं, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवणं, हे सगळं मात्र त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत झालं पाहिजे. चीवर ओलं असलं तरी चालेल, अपुरं चालणार नाही. अपुरं राहिलं तर त्या वर्षी गावाच्या हातून दान झालंच नाही.

एका मागावर दिवसभरात तेवढं कापड होत नसे, म्हणून अर्धं एका मागावर आणि अर्धं दुसऱ्यावर विणायचं. हा मान याच घराचा होता, आणि तयार चीवर भंतेंच्या हातात द्यायची ती सासू.

त्या वर्षी आदल्या दिवशी सासू म्हणाली, "माझे हात आता थरथरतात गं. उद्या चीवर तुमच्यातली एक देईल. जिचं कापड मागावरून आधी उतरेल ती."

थोरलीला वाटलं होतं, हा मान आपसूक आपल्याकडेच येणार. आता शर्यत लावायची? आणि तीही कालच्या पोरीशी? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरातली खळ थोरलीच शिजवायची. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना ही तांदळाची खळ लावावी लागते, नाहीतर मागाच्या फणीत घासून धागे तुटतात. सकाळी थोरलीने मडकं चुलीवरून उतरवलं, आपल्यापुरती दाट खळ काढून घेतली आणि धाकटीच्या वाट्याच्या खळीत तांब्याभर पाणी ओतलं.

"चार धागे तुटतील, थोडा उशीर होईल," ती मनाशी म्हणाली. "त्यात काय एवढं? कापड काय, होईलच." मत्सर भरला की माणसाला सगळंच फार सोपं वाटायला लागतं.

दोन्ही माग सुरू झाले. आडवा धागा घेऊन थोरलीचा धोटा इकडून तिकडे सरसर पळत होता. शेजारच्या मागावर मात्र धागा तुटे, धाकटी गाठ मारी, धोटा टाकी, की पुन्हा दुसरीकडे तुटे. थोड्या वेळाने तिचं गुणगुणणं थांबलं. थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फारच बरं वाटलं.

ऊन कलायच्या आधीच थोरलीचं कापड उतरलं. लेण्यातून आलेले भिक्खू अंगणात ते कापायला बसले. चीवर नव्या कापडाचं असलं तरी तुकडे करून, शेतातल्या वाफ्यांसारखे एकमेकांना जोडूनच शिवतात, म्हणजे कुणाला त्याचा मोह पडत नाही. थोरलीने हातपाय धुतले, केस नीट बांधले, ठेवणीतलं वस्त्र नेसली आणि दारात येऊन उभी राहिली. "यंदा थोरलीच्या हातून बरं का!" बाया म्हणाल्या. तिची मान ताठ झाली.

तेवढ्यात अंगणातून भंतेंनी विचारलं, "बाई, दुसरं कापड कुठे आहे?"

थोरली आत गेली. पाहते तो काय, धाकटीचं कापड निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं. बोटांची टोकं सोलली होती आणि ती रडत रडत गाठी मारत होती.

"अक्का, मी कातलेलं सूतच कच्चं निघालं हो," ती म्हणाली. "तुम्ही नेहमी सांगता, तुझी घाई नडेल म्हणून. नडलीच बघा. माझ्यापायी अख्ख्या गावाचं दान बुडणार."

थोरलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चीवरच झालं नाही तर आपण देणार काय? आणि मग तिचं लक्ष त्या सोललेल्या बोटांकडे गेलं. आपण गप्प राहिलो, तर गावात जन्मभर धाकटीचंच नाव खराब होईल, आपल्यावर कुणाला संशयही येणार नाही. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं. आता ते समोर आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

ती चुलीपाशी धावली. आपली उरलेली दाट खळ आणली, कुंचल्याने धाग्यांना लावली आणि पदराने भराभर वारा घालू लागली. धाकटीने त्या खळीत बोट बुडवलं. मग तिने थोरलीकडे पाहिलं. आपली खळ केवढी पातळ होती ते तिला कळलं, आणि कुणी केली तेही. बाजूला सरकून तिने जागा करून दिली. दोघी एकाच मागावर बसल्या. एकीने धोटा टाकायचा, दुसरीने परत धाडायचा.

कापड उतरलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. मग मिळेल ती सुई घेऊन सारा गाव शिवायला बसला. चीवर घाईघाईने रंगात बुडवलं, पिळलं आणि भंतेंपुढे धरलं. त्यांनी त्यावर हात फिरवला.

"अर्ध्या चीवरात गाठीच गाठी आहेत," ते म्हणाले. "कुणाच्या या?"

सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे वळल्या. तिने मान खाली घातली. "भंते, माझ्या..."

"नाही, माझ्या!" थोरली मोठ्याने म्हणाली. "मारल्या तिने, पण त्या माझ्याच आहेत. तिच्या खळीत मी पाणी घातलं. तिचं चांगलं मला बघवत नव्हतं."

सासूने तोंडावर हात ठेवला. पाणवठ्यावरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरलीला धरणी दुभंगावी असं झालं.

भंते शांतपणे म्हणाले, "दिवस मावळतोय. चीवर देणार कोण?"

ठरल्याप्रमाणे मान थोरलीचाच होता. तिने ते ओलं चीवर उचललं आणि धाकटीच्या हातांवर ठेवलं. "जा, तू दे."

"अक्का, तुम्हीही चला ना बरोबर."

"नको गं. मला इथे उभं राहून बघू दे. आजवर तुझं काही धड बघितलंच नाही मी."

धाकटी पुढे गेली. सगळे 'साधु, साधु', म्हणजे 'छान झालं, छान झालं', म्हणू लागले. थोरलीच्या पोटात एक कळ उठलीच. इतक्या दिवसांची सवय, ती अशी एका संध्याकाळी कशी जाईल? पण तिने नजर वळवली नाही. धाकटीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि ते पाहता पाहता थोरलीलाही खरंखुरं हसू आलं. मग सगळ्यांत मोठ्याने 'साधु' म्हणाली ती तीच.

तात्पर्य: दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणं पाठ करून येत नाही, पोटात दुखत असतानाच ते करून बघावं लागतं.