आवडी वैदीण आणि तुंबलेला पाट

फार वर्षं झाली, तेव्हा पोफळखोल गावात आवडी नावाची वैदीण राहत होती. ती रानात शिरली की झाडं आपापले गुण सांगायला लागायची, असं म्हणतात. बाळंतिणी, पोरं, गुरं सगळी तिच्या दारात. फक्त म्हातारे पुरुष तिकडे फिरकत नसत. त्यांचं दुखणं बाईमाणसाला सांगण्याजोगं नव्हतं ना!

रवळू त्यांतलाच एक. तुळशीच्या लग्नानंतर गावात भजनाचा सप्ता बसायचा. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, अशी रीत. दुपारच्या पहाराची, म्हणजे तीन तासांच्या पाळीची, वीणा तीस वर्षं रवळूच्या गळ्यात. पण त्या साली दसऱ्यालाच त्याचं धाबं दणाणलं. घटकेघटकेला आडोसा गाठायचा, तिथं ताटकळायचं आणि चार थेंबांवर परतायचं. असा माणूस पहारभर उभा कसा राहणार? वीणा सोडायची या विचारानं बिचारा रोज देवळात जाऊन वीणेकडे बघत बसायचा.

बायकोनं पाठीच लागून त्याला आवडीकडे धाडलं. तो ओटीवर बसला, भाताचं बोलला, म्हशीचं बोलला आणि उठता उठता पुटपुटला, "आवडे, आमचो पाट तुंबलो गो."

आवडी सरळ बाई. पाट म्हणजे पाट! कुदळ घेऊन ती त्याच्या पोफळीच्या बागेत गेली आणि पाण्याचा पाट पार उगमापर्यंत उपसून आली. दुसऱ्या दिवशी रवळू परत हजर, "तुंबलोच आसा." तिनं परत उपसला. तिसऱ्या दिवशी तर तिनं अख्खी वाडी कामाला लावली. पाणी असं उसळलं की मासे पोफळीवर चढले, असं म्हणतात.

शेवटी रवळूची बायको बांधावर येऊन ओरडली, "अगो बाये, बागेतलो न्हय! ह्यांचो सोताचो पाट तुंबलोहा!"

मग एका म्हाताऱ्यानं फावडं खाली ठेवलं आणि तो म्हणाला, "माजोय." त्यामागून दुसरा, तिसरा, असे सात जण निघाले. आठवा म्हातारा, बाबली, तेवढा मिशी पिळत म्हणाला, "माका कायएक नाय."

"मेल्यांनो," आवडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तीन दिस चिखल उपसतंय! मूत अडाकता म्हणून सांगूक काय झाला तुमका?"

पण मग ती हसली, आणि हसत हसतच रानात गेली. तिनं वायवर्ण्याच्या झाडाची क्षमा मागितली, मुळाशी मूठभर तांदूळ ठेवले. झाडानं आपणहून साल सोडली, असं म्हणतात. त्यात काटेरी गोखरू ठेचून घातले, आठ वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत आटवलं आणि रोज सकाळी रवळूला आणि त्या सात जणांना समोर बसवून पाजलं. काढा असा कडू की कावळे ती वाट टाळत.

सप्ता बसला. रवळू वीणा घेऊन उभा राहिला आणि पहार संपेपर्यंत जागचा हलला नाही. आवडी देवळाच्या दारात उभी राहून त्याच्या पायांकडेच बघत होती. पुढचा पहार बाबलीचा. पण बाबली कुठंय? तो माडांच्या आड गेला होता, तो गेलाच. रवळू दुसऱ्या पहारालाही उभा राहिला. टाळ वाजत होते आणि माडांकडून एकदम हाक आली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी, "आवडे, धाव गो! मूत अडाकता!"

आवडी धावली. तिनं त्याला ऊन पाण्याच्या घंगाळात बसवलं, पोट शेकलं. थोड्या वेळानं माडांखालून जो सुटकेचा सुस्कारा आला, त्यानं देवळाची घंटा हलली, असं म्हणतात. बाबली ओल्या धोतरानं देवळात आला, लहान पोरासारखा रडला, आणि रवळूच्या गळ्यातली वीणा त्यानं आपल्या गळ्यात घेतली.

पोफळखोलात अजून सप्त्याच्या आदल्या सकाळी म्हातारे आवडीच्या वायवर्ण्याखाली जमतात. आता तालुक्याचा डॉक्टरही येऊन बसतो. एकेक जण उभा राहून बायकापोरांदेखत आपलं दुखणं मोठ्यानं, सरळ शब्दांत सांगतो, आणि पोरं टाळ्या वाजवतात. जो लाजला, त्याच्या गळ्यात त्या साली वीणा घालत नाहीत.