ब्रेथवेट गुरवांची हाक

चपला इथेच काढा. ही वाघजाईची राई, आणि मधे दिसतंय ते खळ्याएवढं उघडं रान. चहूकडे ऐन, किंजळ, बेहडा. पण या जागेत गवताची काडी धरत नाही. खाली माझ्या दारावर ‘ब्रेथवेट’ अशी पाटी वाचून तुम्ही हसलात ना? हसून घ्या. कोकणातला गुरव आणि आडनाव गोऱ्याचं! पण या उघड्या रानाची आणि त्या पाटीची गोष्ट एकच आहे.

दीडशे वर्षांमागं म्हणे ब्रेथवेट नावाचा साहेब इथं जमिनीच्या मोजणीला आला. सोबत मडम आणि सहा महिन्यांचा मुलगा. माणूस वाईट नव्हता, असं सांगतात. आमचे पूर्वज धाकू गुरव त्याला दूध-कोंबडी पोचवत. आपल्या आडनावाची कूळकथा त्यानं एकदा धाकूला सांगितली. विलायतेत त्याच्या कुणा पूर्वजानं जंगल तोडून रुंद माळ केला, त्या माळाचं नाव घराण्याला लागलं. साहेबाला त्याचा केवढा अभिमान! धाकूच्या मात्र अंगावर काटा आला. आमच्याकडे झाडं तोडल्याचं कुणी मिरवत नाही.

पुढं मोजणीच्या दुर्बिणीतून पलीकडचा डोंगर दिसेना. राईतली झाडं आड येत होती. साहेब म्हणाला, आधी तुझ्या देवीला विचार. धाकूनं आंघोळ केली आणि ओलेत्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात मागे घेतो न घेतो तोच डावी पडली. साहेब टोपी हातात धरून मागं उभा. त्याला उजव्या-डाव्यातलं काय कळणार?

“देवी व्हय म्हंते, सायबा,” धाकू बोलून गेला.

भीतीनं बोलला की मर्जी राखायला, देव जाणे. एवढ्या पिढ्या झाल्या तरी मला त्याचा राग येतो.

अकरा झाडं पडली. आठ दिवसांत मडम तापानं गेली, पाठोपाठ साहेब. पोर उरलं, तेही दूध घेईना. धाकूची बायको भागीरथी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यापाशी धाकूनं खरं काय ते सांगितलं.

“खोटा कौल तुमी दिलाव, नि मरायचा ह्या पोरानं?” ती म्हणाली. “जावा, आयेसमोर उभं ऱ्हावा.”

धाकू या उघड्या रानात येऊन उभा राहिला. “आये, ब्रेथवेटाचा वंश तुला हवाय ना? आजपास्नं ब्रेथवेट मी. तू हाक मार, मी ओ देतो. त्या पोराला सोड.”

दिवस मावळायच्या आत पोर दूध प्यायलं. पुढं साहेबाचा भाऊ येऊन त्याला बोटीनं घेऊन गेला. आणि धाकूची दोन्ही मुलं त्याच वर्षी गेली.

तेव्हापासून मार्गशीर्षी पुनवेला गावचा मानकरी राईच्या कडेला उभा राहून तीनदा विचारतो, “ब्रेथवेट हाय काय?” आमच्या घरातला एक जण म्हणतो, “हाय.” जो ओ देतो त्याचा वंश त्याच्यापाशी थांबतो, मग पुतण्या पुढं येतो. हाक बंद केली, तर देवी त्या नावाला शोधत समुद्रापार जाईल, असं म्हणतात.

बावीस वर्षं मी ओ देतोय. माझी लेक शालन नऊ वर्षांची होऊन वारली. पुतण्या नाही. मी शेवटचा.

गेल्या महिन्यात विलायतेहून एका ब्रेथवेट बाईचं पत्र आलं. त्याच पोराच्या वंशातली. आडनावाचा इतिहास शोधतेय, दोन्ही मुलींना घेऊन पुनवेच्या जत्रेला येते म्हणाली. मी मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं, बाई, येऊ नका. पत्र पोचायच्या आत ती निघाली असणार. सकाळी फोन आला होता तिचा. तिच्या इंग्रजीतलं ‘चिपळूण’ तेवढं मला कळलं, माझं ‘येऊ नका’ तिला कळलं नाही.

आज तीच पुनव, घटकाभरात हाक होईल. मी ओ देईनच, गळा फाटेस्तोवर. पण तुम्ही घाट उतराल तेव्हा एक गाडी वर येताना दिसेल. आत गोरी बाई आणि दोन पोरी असतील. हात जोडून सांगतो, ती गाडी तिथंच थांबवा. आपलं नाव कुणी घेतलं, की लहान मुलं लगेच ओ देतात.